तीन स्टंप आणि एक कोपर

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)

उकाडा व आयपीएल या दोघांनाही न जुमानता इथवर आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत माझा विषय 'खेळ, आरोग्य आणि वैज्ञानिक दृष्टिकोन' असा छापलाय. तो चिटणिसांचा. त्यांनी फोनवर विचारलं, "डॉक्टर, कशावर बोलाल?" मी म्हटलं, "अंपायर्स कॉलवर." ते म्हणाले, "असं पत्रिकेत छापलं तर वर्गणीदार रागावतील." तेव्हा छापलंय ते छापलंय, मी बोलणार आहे अंपायर्स कॉलवरच. (हशा)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना मॅचला वेळेत पोचता येईल. गेल्या पंधरा वर्षांत आपल्या माणसाला विज्ञान सगळ्यांत जास्त कुणी शिकवलं असेल, तर ते शाळेनं नाही, वर्तमानपत्रातल्या पुरवण्यांनी नाही, आम्हा डॉक्टरांनी तर नाहीच नाही. ते शिकवलं थर्ड अंपायरनं.

हसा. मी चेष्टा करत नाहीये.

डीआरएस काय असतं हे इथं सांगणं म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देण्यासारखं आहे, तेव्हा ते सोडतो. एकच गोष्ट बघा. चेंडूची जाडी सात सेंटिमीटरच्या आसपास. मैदानावरच्या अंपायरनं नाबाद दिलं असेल, तर अर्ध्याहून जास्त चेंडू स्टंपांवर जाताना दिसला तरच तो निर्णय फिरतो. नुसता चाटून जाताना दिसला तर नाही. का? कारण चेंडू पायाला लागल्यावर पुढचा मार्ग कुणी बघितलेलाच नसतो. तो यंत्रानं काढलेला अंदाज. आणि यंत्र सांगतं, की बाबांनो, इथवर माझी खात्री, इथून पुढं नाही. तुमच्या अंपायरनं जे दिलंय ते राहू द्या. हाच अंपायर्स कॉल. म्हणजे स्वतःची चूक किती असू शकते हे ते आधीच मोजून पडद्यावर दाखवतं, आणि सातवीत शाळा सोडलेला माणूस टपरीवर उभा राहून ते बघतो, अंपायरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि मान्य करतो.

आता याच माणसाला ताप येतो. मी त्याला तपासून म्हणतो, "बहुधा व्हायरल असावा, दोन दिवस वाट बघू." तो बाहेर पडतो आणि बायकोला सांगतो, "यांना काय कळत नाही, बघू म्हणतात." मग दुसऱ्याकडे जातो. तो ठामपणे "टायफॉइड" म्हणतो आणि सलाइन लावतो. चौथ्या दिवशी तापाला उतरायचंच असतं, तो उतरतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा डॉक्टर नेहमी हुशार निघतो. मी स्वतः पुष्कळदा तो डॉक्टर होतो, आणि कधी कबूल केलं नाही. माझ्या घराचा वरचा मजला या तिसऱ्या दिवसाच्या पेशंटांनी बांधलाय. (हशा)

वैद्यबुवा दुसऱ्या रांगेत फार खुशीत हसताहेत. बुवा, पाचव्या दिवशी ते तुमच्याकडे येतात! (हशा) नाही, नाही, मी कुठल्याही पॅथीवर बोलायला आलेलो नाही, हे नोंदवून घ्या. मागं एकदा रोटरीत बोललो होतो तर चार पत्रं आली, त्यातलं एक निनावी. माझी आई आयुष्यभर गवती चहाचा काढा पीत होती. पुरे.

बरं, आपणही यंत्रासमोर लगेच मान तुकवली असं समजू नका. २००८ साली श्रीलंकेत हे पहिल्यांदा कसोटीत वापरलं. श्रीलंकेचे अकरा रिव्ह्यू यशस्वी झाले, आपला एक. लगेच आपलं मत ठरलं, की यंत्र सदोष आहे! पुढं कितीतरी वर्षं आपलं बोर्ड दोन देशांतल्या मालिकांत ते घ्यायला तयार नव्हतं. थेट २०१६ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडविरुद्ध राजकोटला घेतलं.

पण विश्वचषकात नाही म्हणायची सोय नव्हती. २०११. बंगळुरूला इंग्लंडविरुद्ध युवराजच्या चेंडूवर इयन बेल पायचीत दिसतोय, चेंडू स्टंपांवर जाताना पडद्यावर दिसतोय, तरी नाबाद. कारण चेंडू लागला ती जागा स्टंपांपासून अडीच मीटरहून लांब होती, आणि तेवढ्या अंतरावरून यंत्राचा अंदाज तेव्हा पक्का धरत नसत. सामना ३३८ वर बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात एकही माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायला तयार नव्हता. यंत्र विकलं गेलंय, इथवर मजल. महिन्याभरानं मोहाली. समोर पाकिस्तान. सचिन तेवीसवर. अजमलचा चेंडू, अंपायर गूल्डचं बोट वर. रिव्ह्यू. पडद्यावर चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून जातोय. सचिन वाचला, ८५ काढल्या. अजमल आजही म्हणतो तो बाद होता. आणि आपल्याकडं? तेच यंत्र एका रात्रीत देवमाणूस झालं!

मोहालीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात एक प्रयोग सुरू केला. त्याचं सांगतो, पण त्याआधी कोपराचं सांगावं लागेल. अध्यक्षमहाराज, पाच मिनिटं.

साल २००४. सचिनचं कोपर दुखायला लागलं आणि 'टेनिस एल्बो' हा शब्द घराघरांत गेला. काही दुखत नसलेली पोरं कोपराला पट्टा बांधून यायची, फलंदाजी सुधारेल म्हणून. अशा दिवसांत एक बाई आल्या. एसटी स्टँडामागं त्यांची खानावळ. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवलं की कळवळायच्या. चहाचा कप उचलवेना. मी ऐटीत म्हटलं, "आक्का, तुम्हाला सचिनचा आजार झालाय." त्या म्हणाल्या, "मंग त्येला पन भाकऱ्या थापाय लावत्यात का?" (हशा)

मी म्हटलं, महिनाभर भाकरी थापायची नाही. "आन थापनार कोन, तुमी?" रोज सकाळी साठ-सत्तर भाकऱ्या. मग मी इंजेक्शन दिलं. स्टेरॉइडचं, नेमकं त्या हाडाजवळ. आणि छातीठोक सांगितलं, "आता विषय संपला." पंधरा दिवसांत आक्का हसत आल्या, डब्यात शेंगदाण्याची चटणी घेऊन. मी स्वतःवर खूश. चार महिन्यांनी परत आल्या. डबा नव्हता. कोपर पहिल्यापेक्षा वाईट.

मी दुसरं इंजेक्शन दिलं. हे मी इथं पहिल्यांदाच जाहीर सांगतोय.

२००६ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास माझ्या हाती पडला. १९८ माणसं, तीन गट: एकाला इंजेक्शन, एकाला फिजिओथेरपी, एकाला नुसतं सांगितलं की जपा आणि वाट बघा. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले शंभरातले ७८ खूश, वाट बघणारे अवघे २७. इथंच थांबलं तर मी जिंकलो. पण त्यांनी वर्षभर मोजलं. इंजेक्शननं बरं वाटलेल्यांपैकी ७२ टक्के पुन्हा मागं गेले, आणि वर्षाअखेर नुसती वाट बघणारे त्यांच्यापेक्षा बरे होते. रिप्ले माझ्या टेबलावर पडला होता.

त्या रात्री मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हटलं, मला भाकरी करायचीय. ती घाबरली. (हशा) ज्वारीचं पीठ, त्यात आधणाचं पाणी. पहिली काठाला फाटली. दुसरी परातीतून उचलताना हातावरच तुटली. पण मी भाकरीकडं बघतच नव्हतो, मनगटाकडं बघत होतो. मला वाटत होतं दुखणं थापण्यात असेल. थापताना तळहात खाली, जोर खाली. दुखणं निघालं उचलण्यात! पिठाची परात दोन्ही काठांना धरून, तळहात खाली ठेवून उचलली, की कोपराच्या बाहेर तार ओढल्यासारखी ताणते. सांडशीत तवा धरला तरी तेच. सत्तर भाकऱ्यांनी जे होत नव्हतं ते त्या जड परातीनं होत होतं.

आक्कांना सांगितलं, उचलाल ते तळहात वर ठेवून उचला, परातीला खालून हात घाला. आणि रोज संध्याकाळी हात ओट्याच्या काठावर टेकवून, पाण्यानं अर्धा भरलेला तांब्या डाव्या हाताच्या मदतीनं वर, उजव्यानं सावकाश खाली, असं पंधरा वेळा. वर्ष लागलं. कोपर बरं झालं. परातीमुळं झालं, तांब्यामुळं झालं, की नुसतं वर्ष गेलं म्हणून झालं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. ते आक्कांनाही तसंच सांगितलं, आणि इंजेक्शनाचंही सांगितलं, की माझा निर्णय चुकला होता. मला वाटलं, आता या दुसरा डॉक्टर बघणार. त्या म्हणाल्या, "ह्ये आदी बोलला असता तर इंजिक्शनाचं पैसं वाचलं असतं की वो." आणि नंतर सुनेला, नातवाला, स्टँडावरच्या दोन कंडक्टरांना घेऊन माझ्याकडंच आल्या.

आता प्रयोग. मोहालीनंतर मी केसपेपरवर तीन स्टंप काढायला लागलो. पेशंटला दाखवायचं: हा चेंडू, हे निदान. मधल्या स्टंपवर, म्हणजे खात्री. चाटून जातोय, म्हणजे दोन दिवस थांबू, मग ठरवू. लोकांना इतकं पटलं, की पेशंट आत येतानाच विचारायचे, "काय डॉक्टर, क्लिपिंग का मिसिंग?" थांबा म्हटलं तर थांबायला लागले. सगळे नाही, पण पूर्वीपेक्षा बरेच. आकडा विचारू नका, मी मोजला नाही, हा माझाच दोष.

फक्त एक घोटाळा झाला. एका आजोबांना कॅल्शियमची गोळी रोज एक लिहिली आणि शेजारी तीन स्टंप काढले. औषध दुकानातल्या मुलानं ते १-१-१ असं वाचलं. (मोठा हशा) आजोबा महिन्याची पाकिटं दहा दिवसांत संपवून परत. सुदैवानं पोट धरण्यापलीकडं काही झालं नाही. तेव्हापासून स्टंपांवर बेल्स काढायला लागलो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, सात. रिव्ह्यूला उशीर झाला की काय होतं, त्यासाठी प्लेगच्या लसीच्या हाफकिनचं धावतं सांगतो. १८९७ चा प्लेग, रँड, चाफेकर हे तुम्हाला पाठ आहे. त्याच जानेवारीत मुंबईत हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी एकोणीस माणसं धनुर्वातानं गेली. एकोणीसही एकाच बाटलीतली. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, त्याला बाजूला केलं. त्या बाटलीचं बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, ही गोष्ट सगळ्यांसमोर येऊन त्याचं नाव धुऊन निघायला १९०७ उजाडलं. थर्ड अंपायरनं पाच वर्षं घेतली! तोवर लोकांनी लसीबद्दल जे ठरवायचं ते ठरवून टाकलं होतं. परळच्या संस्थेला त्याचं नाव १९२५ मध्ये दिलं. यावर माझी सहा पानं आहेत, ती राहिली.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: 'सकाळी पळून गुडघे झिजतात का? माझा मुलगा ऐकत नाही.' मुलगा इथं आहे का? नाही, तो पळत असेल. (हशा) काका, २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज केली गेली. हौशी पळणाऱ्यांत गुडघा किंवा खुब्याचा संधिवात साडेतीन टक्के, न पळणाऱ्यांत दहाच्या वर, आणि स्पर्धांत उतरणाऱ्या अव्वल धावपटूंत तेराच्या वर. म्हणजे मुलाला पळू द्या. पण ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते पळणं सोडतात आणि आपोआप दुसऱ्या रकान्यात जातात, तेव्हा या आकड्यांतही थोडा चेंडू स्टंपाबाहेर आहे. घरी जाऊन त्याला पहिलं वाक्य सांगा की दुसरं, ते तुम्ही ठरवा.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेव्हा... तिकडं मागं काय झालं? कोण बाद? पायचीत? आणि रिव्ह्यू घेतलाय म्हणता? मग आभारप्रदर्शन दोन मिनिटं थांबवा हो. आवाज वाढवा जरा, मलाही ऐकू द्या.