बंगालच्या पंचायती : सत्ता कोणाच्या हाती?

(कोलकाता येथील व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातून बंगालमध्ये आलेल्या कार्यकर्त्याला इथल्या ग्रामपंचायतीत एक गोष्ट लगेच जाणवते. निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होते. महाराष्ट्रात १९६१च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या, १ मे १९६२पासून त्यांचा कारभार सुरू झाला. परंतु ग्रामपंचायतीची निवडणूक मात्र आजही पक्षविरहित समजली जाते. गावात पक्ष नकोत, असे म्हणणाऱ्यांच्या गावात पक्ष असतोच. तो फक्त पाटलाच्या वाड्यात बसतो आणि त्याला नाव नसते, एवढाच फरक.

बंगालमध्येही पूर्वी निराळे नव्हते. १९७३चा पंचायत कायदा काँग्रेस सरकारनेच केला होता, पण त्याखाली निवडणुका झाल्या नाहीत. जून १९७७ मध्ये डावी आघाडी सत्तेवर आली आणि केवळ रायटर्स बिल्डिंगमधून राज्य चालवायचे नाही, अशी भूमिका ज्योती बसूंच्या सरकारने घेतली. ४ जून १९७८ रोजी ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तिन्ही स्तरांवर एकाच वेळी मतदान होऊन सुमारे ५६ हजार प्रतिनिधी निवडून आले. पुढे केंद्राने ७३वी घटनादुरुस्ती केली, ती एप्रिल १९९३ मध्ये अमलात आली. बंगालला ह्या निवडणुकांची सवय तोवर १५ वर्षांची झाली होती.

नुसत्या निवडणुकीने मात्र जोतदाराची सत्ता मोडली नसती. जो मजूर किंवा बर्गादार दुसऱ्याच्या जमिनीवर राबतो, पेरणीला कर्ज काढतो, तो मालकाविरुद्ध मत देणार कसा? म्हणून ह्या निवडणुकीला ऑपरेशन बर्गाची जोड होती. १९७८च्या मे महिन्यात हुगळी जिल्ह्यातून त्याची सुरुवात झाली. महसूल अधिकारी कचेरीत बसून अर्जाची वाट पाहत नसत. संध्याकाळी, काम संपल्यावर, वस्तीतच शिबिर भरे आणि बर्गादार एकेकटा न येता जमावाने येई. आपण बर्गादार आहोत असे त्याने म्हटले, तर तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी १९७७च्या दुरुस्तीने मालकावर टाकली होती. सुमारे १४ लाख बर्गादारांची नोंद अशी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात भीषण पूर आला. नव्या पंचायती जेमतेम तीन महिन्यांच्या होत्या. तरी धान्यवाटप, रस्त्यांची दुरुस्ती, कामाच्या बदल्यात धान्य ही सारी कामे त्यांनी पेलली. सरकारी धान्य गावातल्या सावकाराच्या ओसरीवरून न जाता निवडलेल्या सदस्याच्या यादीवरून गेले, ही त्या गरिबांच्या दृष्टीने क्रांतीच होती.

परंतु ह्याच ठिकाणी कठोर आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. जोतदार हटला, त्याच्या खुर्चीवर पुष्कळदा शाळामास्तर आणि मध्यम शेतकरी आला. भूमिहीन मजूर अद्याप दारातच उभा होता. जिल्हाधिकारी हाच जिल्हा परिषदेचा कार्यकारी अधिकारी राहिला, तर पंचायत समितीचा गटविकास अधिकारी. १९९३च्या निवडणुकीत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या, २०१३ पासून निम्म्या; तरी निवडून आलेली बाई आणि निर्णय घेणारी बाई ह्या नेहमीच एक नसतात, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगण्याचे कारण नाही.

दक्षिण आफ्रिकेतील ईस्टर्न केप प्रांतात, झोसाभाषक ग्रामीण भागात, वर्णद्वेषी राजवटीने सरदारांना जमातींवर नेमून ठेवले होते. १९९८च्या कायद्यानंतर २०००च्या निवडणुकीत नवी स्थानिक मंडळे आली. तेथे पारंपरिक सरदार मंडळाच्या बैठकीस बसू शकतो, बोलू शकतो, पण त्याला मत नाही. व्यवहारात मात्र जमीन देताना गावकरी त्याच्याच दाराशी जातो. ज्याच्या हाती जमीन, त्याच्या हाती पंचायत, हा नियम कायद्याने एका फटक्यात बदलत नाही. बंगालने आधी जमिनीला हात घातला, हे त्याचे वैशिष्ट्य.

त्याच जमिनीच्या प्रश्नावर बंगालने ठेचही खाल्ली. नंदीग्राममध्ये भूसंपादनाचा विचार वरून आला. १४ मार्च २००७ रोजी गोळीबारात १४ माणसे मेली. २००८च्या निवडणुकीत पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण २४ परगणा ह्या जिल्हा परिषदा डाव्या आघाडीच्या हातून गेल्या, २०११ मध्ये राज्य गेले.

बिनविरोध जागांचा प्रश्न तर त्याहून जुना. २००३ मध्ये डाव्यांच्याच राज्यात सुमारे ११ टक्के जागा बिनविरोध गेल्या. २०१८ मध्ये तृणमूलच्या राज्यात हा आकडा ३४ टक्क्यांवर पोहोचला व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे झालेल्या दडपशाहीचा निषेध जोरात झाला, तो रास्तच होता; पण ११ टक्क्यांच्या वेळी तितक्याच जोराने कोण बोलले?

२००३च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक मतदारसंघात ग्राम उन्नयन समिती आली. तिच्यात निवडून आलेल्या सदस्याबरोबर दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवणाऱ्या पराभूत उमेदवारालाही जागा दिली गेली. विरोधकाला कामाचा वाटेकरी करण्याची ही सुंदर कल्पना. जेथे दुसरा उमेदवारच उभा राहू दिला जात नाही, तेथे त्या समितीतील त्याची जागा रिकामी राहते.