पाकिटावरचं चित्र कोणाचं?



सणाचे दिवस जवळ आले की आपल्या गटांमध्ये एकच लगबग सुरू होते. कुठे भाजणी, कुठे मसाले, कुठे उटणं, कुठे कापडी पिशव्या. माल तयार झाला की लेबल करायला आपण तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे जातो. तो विचारतो, "चित्र कोणतं टाकू?" आपण म्हणतो, "टाका की गूगलवरचं एखादं छानसं." दोन मिनिटांत तो हळदीच्या वाटीचा चकचकीत फोटो शोधतो, लेबलावर बसवतो आणि आपण दोन हजार स्टिकर छापून घरी येतो. या दोन मिनिटांत एक प्रश्न कोणीच विचारत नाही. तो फोटो कोणाचा होता?

आपल्या देशात १९५७ सालचा कॉपीराइट कायदा आहे. मराठीत त्याला प्रताधिकार किंवा स्वामित्व हक्क म्हणतात. कायद्याचं म्हणणं साधं आहे. ज्यानं चित्र काढलं किंवा फोटो टिपला, त्याचा त्यावर हक्क. हा हक्क चित्र तयार झाल्याक्षणीच मिळतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, खाली नाव लिहावं लागत नाही. म्हणून चित्रावर नाव नाही, म्हणजे त्याला मालक नाही, असं समजू नका. रस्त्याकडेच्या आंब्यावर पाटी नसते, पण आंबा कोणाचा तरी असतोच.

गूगल हा त्या चित्रांचा मालक नाही. तो फक्त कोणतं चित्र कुठे आहे ते दाखवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चित्राचंही तसंच. दहा गटांतून फिरून आलं, तरी मूळ मालक तोच राहतो.

तुम्ही म्हणाल, आपल्या खेड्यातल्या पाकिटाकडे कोण बघतंय? पण आता आपला माल खेड्यात राहिलेला नाही. तो महालक्ष्मी सरसमध्ये जातो, शहरातल्या दुकानात जातो, ऑनलाइन विकला जातो. तिथे मालासोबत त्याचा फोटोही जगासमोर येतो. खऱ्या मालकानं हरकत घेतली, तर तो विक्री थांबवायला सांगू शकतो, नुकसानभरपाई मागू शकतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. एवढं सगळं झालं नाही, तरी छापलेली दोन हजार लेबलं वाया जातात आणि तो पैसा गटाच्या बचतीतलाच असतो.

याबाबत तीन गैरसमज फार पसरले आहेत.

पहिला, "खाली साभार लिहिलं की झालं." साभार म्हणजे आभार, परवानगी नव्हे. शेजारणीची शिलाई मशीन न विचारता आणली आणि नंतर आभार मानले, तर ते विचारल्यासारखं होत नाही.

दुसरा, "रंग बदलला, थोडं कापलं की चित्र आपलं." अमुक टक्के बदल केला की चालतं, असं कायद्यात कुठेही नाही. उलट आपल्या चित्राची मोडतोड करू नका, असं म्हणायचा हक्क चित्रकाराला आहे.

तिसरा, "मुलं शाळेच्या प्रकल्पात चिकटवतात, मग आपण का नाही?" अभ्यासासाठी, वर्गात शिकवण्यासाठी, बातमीसाठी किंवा समीक्षेसाठी कायद्यानं काही सवलती दिल्या आहेत. विक्रीच्या पाकिटाला ती सवलत लागू नाही. म्हणूनच मुलांच्या फ्रॉकवर किंवा दप्तरावर छोटा भीम छापून विकायचा असेल, तर तो ज्या कंपनीचा आहे तिची परवानगी लागते.

मग जुनी चित्रं? चित्रकार गेल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हा हक्क त्याच्या वारसांकडे किंवा त्यानं ज्याला दिला त्याच्याकडे राहतो. त्यानंतर चित्र सर्वांचं होतं. राजा रविवर्मा १९०६ साली गेले. त्यांची लक्ष्मी, त्यांची सरस्वती आज कोणीही वापरू शकतं. पण दीनानाथ दलालांचं पहा. दिवाळी अंकांवरची त्यांची चित्रं आपल्या आईच्या पिढीनं जपून ठेवली. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ संपेपर्यंत चालू आहे. चित्र जुनं दिसतं म्हणून मोकळं झालं, असं नाही. वर्ष मोजायचं. देव सर्वांचे आहेत, पण कालच्या चित्रकारानं काढलेला गणपती हे त्या चित्रकाराचं काम आहे.

इथे आणखी एक गोष्ट सांगते, ती कॉपीराइटची नाही, पण पाकिटाशी तिचा थेट संबंध आहे. आपल्याला छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आदर असतो, म्हणून मसाल्याच्या पुडीवर महाराजांचं चित्र टाकावंसं वाटतं. पण १९५० सालच्या बोधचिन्हं आणि नावांच्या कायद्यानुसार शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाही. राष्ट्रध्वजाचंही तसंच. आदर मनात ठेवू, पुडीवर नको.

आता वारलीबद्दल. वारली चित्रांतला तारपा नाच, चौक, त्रिकोणी माणसं ही परंपरा कोणा एकाची नाही. पण एखाद्या कलाकारानं काढलेलं विशिष्ट चित्र त्याचं असतं. त्याचा फोटो काढून पिशव्यांवर छापणं चूकच. शिवाय वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळे ते नावही कोणी कसंही वापरू शकत नाही. पिशव्यांवर वारली हवी असेल, तर वारली कलाकारालाच काम द्या. तिलाही चार पैसे मिळतील आणि चित्रही खरं असेल.

मग करायचं काय? तीन सरळ वाटा आहेत.

पहिली वाट, स्वतःचा फोटो. सकाळच्या उन्हात, ओसरीवर, पांढऱ्या चादरीवर आपलीच हळद ठेवा आणि गटातल्या एखाद्या मुलीच्या मोबाइलवर दहा-बारा फोटो काढा. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. आपला माल जसा आहे तसा दिसेल. गिऱ्हाइकाला पाकिटावर एक आणि आत दुसरं असं वाटणार नाही. फोटोत एखादीचा चेहरा असेल, तर तिला आधी विचारा. छापायला देताना मोबाइलमधला मूळ फोटो द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो लहान होतो आणि छापल्यावर फुटतो.

दुसरी वाट, मोकळी चित्रं. विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणी चित्रकारांनी आपणहून वापरायला दिलेली चित्रं मिळतात. पण प्रत्येक चित्राखाली अट लिहिलेली असते, ती वाचा. कुठे चित्रकाराचं नाव द्यावं लागतं, कुठे व्यापारासाठी वापर चालत नाही. आपलं पाकीट म्हणजे व्यापारच. इंग्रजी वाचायची अडचण असेल, तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट गटाच्या फायलीत ठेवा.

तिसरी वाट, पैसे देऊन काम करून घेणं. पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर कायद्यानुसार तो हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. पण लेबलाचं डिझाइन आणि गटाचं बोधचिन्ह यांवरून पुढे वाद नको, म्हणून कागद करा. कागदावर काय असावं? कोणतं डिझाइन, किती पैसे दिले, कोणते हक्क दिले, किती काळासाठी, कोणत्या भागासाठी, आणि देणाऱ्याची सही. काळ लिहिला नाही, तर कायदा तो पाच वर्षांचाच धरतो. भाग लिहिला नाही, तर भारतापुरताच धरतो. म्हणून "कायमचे आणि सर्व ठिकाणी" हे शब्द विसरू नका. डिझाइन करणाऱ्याकडून एक ओळ आणखी घ्या: यातली सर्व चित्रं माझी स्वतःची आहेत किंवा रीतसर परवानगीची आहेत.

मैत्रिणींनो, हा कायदा आपल्याला अडवायला नाही, तो आपल्यासाठीही आहे. तुमच्या गटातल्या ताईनं काढलेलं बोधचिन्ह, तुम्ही टिपलेला पापडांच्या वाळवणाचा फोटो, तुमच्या सुनेनं काढलेली रांगोळी यांवर तुमचा हक्क आहे. उद्या एखाद्या व्यापाऱ्यानं तुमचं लेबल उचललं, तर हा कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. म्हणून मूळ कच्चं चित्र, तारीख टाकलेला कागद, मोबाइलमधला मूळ फोटो जपून ठेवा. वाटलं तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन नोंदणीही होते. चित्राला पाचशे रुपये शुल्क आहे, आणि ते मालावर वापरायचं असेल तर दोन हजार. एक मात्र लक्षात ठेवा. पर्सची किंवा कापडाची नक्षी कारखान्याच्या पद्धतीनं पन्नासहून अधिक नगांवर काढायची असेल, तर कॉपीराइट पुरत नाही. तिची नोंदणी २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली करावी लागते, आणि तीही नक्षी बाजारात आणण्याआधी.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटाचं प्रत्येक पाकीट, लेबल आणि फ्लेक्स मधे ठेवा. एकेका चित्रावर बोट ठेवून विचारा, हे कोणाचं? उत्तर मिळालं, तर वहीत लिहा. नाही मिळालं, तर पुढची छपाई करताना ते चित्र बदला. विचारायला पैसे लागत नाहीत.