पाच वाजता कामावर आलेला माणूस



पवित्र शास्त्र चित्रांतून आणि चित्रकथांतून कसे मांडावे, यावर बोलायला आपण नाशिकला आलात, याचा स्वागत समितीला मनापासून आनंद आहे. इथल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला आणि पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्या ध्यासातून आला. परक्या चित्रात त्यांना आपली माणसे दिसली.

ख्रिस्ताला शब्दांत आपलासा करण्यात आपण मागे नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 चे. रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्या इथून जवळच्या जलालपूरच्या लेक. चित्रांत मात्र वाट अवघड होती. चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी साडीतली मरिया रंगवली, ती गोव्यात अनेकांना रुचली नाही. त्यांना आसरा दिला पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने. ‘अमर चित्र कथे’त येशूचे चरित्र निघाले, तेही मोलाचेच. पण आमच्या संडे स्कूलच्या भिंतीवर आजही निळ्या डोळ्यांचा येशू आहे, आणि मला ते खटकते.

शास्त्रात आपली माणसे कुठे दिसतात ते पाहायचे, तर मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळा आठवा. मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो. आमच्याकडे हंगामात पहाटे मजूर नाक्यावर जा. पेठ-सुरगाण्याकडची माणसे डब्याची पिशवी हातात धरून उभी असतात. गाडी येते, मुकादम बोटाने माणसे मोजतो, गाडी भरून निघते. काही जण मागे राहतात. ऊन चढते, तरी घरी जायला त्यांचे पाय उचलत नाहीत. दाखल्यातला संध्याकाळी पाच वाजता कामावर घेतलेला मजूर यांच्यातलाच. मालकाने पूर्ण रोज हातावर ठेवला, तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल? शास्त्र ते सांगत नाही. ती चौकट चित्रकाराने काढायची आहे, आणि माझ्या मते सबंध दाखला त्या एका चौकटीत मावतो.

म्हणून उद्याचे पहिले सत्र सभागृहात ठेवलेले नाही. पहाटे साडेपाचला बस निघेल. आधी नाका, मग दिंडोरीची द्राक्षबाग. वही-पेन्सिल बरोबर घ्या. नाक्यावर फोटो काढू नका. त्या माणसांशी बोला आणि ती हो म्हणाली तरच चित्र काढा.