वाटेचं पुस्तक निवडताना

मुलाकडे, लेकीकडे कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराला जाणारे आपले ट्रेकर तिथल्या लांब पायवाटांची आवर्जून चौकशी करतात. शहराजवळच्या सांता क्रूझ डोंगरांत ‘स्कायलाइन टू द सी’ ही वाट आहे. कॅसल रॉक उद्यानापासून निघून सुमारे ४८ किलोमीटरवर ती पॅसिफिक महासागराला भिडते.

तिचं मार्गदर्शक पुस्तक घेताना आधी प्रकाशनाचं वर्ष पाहा. वाटेवरचं बिग बेसिन उद्यान १९०२ सालचं, कॅलिफोर्नियातलं सर्वांत जुनं राज्य उद्यान. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात ते जवळजवळ सगळं होरपळलं, मुख्यालयही जळालं. त्याआधीच्या पुस्तकातले पूल आणि मुक्काम आज जागेवर असतीलच असं नाही.

रंगीत छायाचित्रांना मी फारसं महत्त्व देत नाही. पाणी कुठे मिळेल, दोन मुक्कामांत चढ किती, वाट मध्येच सोडावी लागली तर जवळचा रस्ता कोणता, हे सांगणारं पुस्तक खरं. सह्याद्रीत गावकऱ्याला विचारून पाण्याचं टाकं सापडतं. त्या रानात विचारायला सहसा कोणी भेटत नाही.

आणि हो, अंतरं मैलांत असतात. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर. कुठला टप्पा खुला आहे, याची उद्यानाकडे खात्री करूनच निघा.