दात, बियर आणि करार

(पांढरकवडा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संपाविषयी बोलावयाचे तर गिरणगावापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. आज थोडी वाट वाकडी करून एका अमेरिकन व्यंगचित्रमालिकेपासून आरंभ करावयाचा आहे. व्यंगचित्रे म्हणजे पोरांचा विषय, ही आपल्याकडील समजूत या मालिकेला लागू पडत नाही. ‘द सिम्पसन्स’ ही मालिका १९८९ पासून फॉक्स दूरचित्रवाणीवर चालू आहे आणि ती मोठ्यांसाठीच काढलेली आहे. तिचा नायक होमर सिम्पसन हा स्प्रिंगफील्ड नावाच्या गावातील अणुवीजकेंद्रात कामाला आहे. तो आळशी आणि खादाड, पण संसारात गुंतलेला गृहस्थ. केंद्राचा मालक बर्न्स हा इतका वृद्ध व इतका लोभी की त्याला पाहून भांडवलशाहीची वेगळी व्याख्या करण्याची गरज उरत नाही.

११ मार्च १९९३ रोजी या मालिकेचा ‘लास्ट एक्झिट टू स्प्रिंगफील्ड’ हा भाग दाखविला गेला. जे कोगेन आणि वॉलेस वोलोडार्स्की यांनी तो लिहिला. संघटनेचा नवा करार सभेपुढे येतो. जुन्याच अटी आहेत. फरक एवढाच की दातांच्या उपचाराची सवलत जाणार आणि तिच्या बदल्यात सभेला बियरचे एक पिंप फुकट मिळणार. सारे कामगार पिंपाकडे धाव घेतात. होमरही रांगेत उभा राहतो. त्याची मुलगी लिसा हिच्या दातांना तारा बसवावयाच्या आहेत, हे बायकोचे वाक्य आणि सवलत गेल्याचे सोबत्याचे वाक्य ही दोन्ही त्याच्या डोक्यात आळीपाळीने घुमत राहतात. त्या दोहोंचा संबंध जुळावयाला त्याला बराच वेळ लागतो. प्रेक्षक हसतात ते या विलंबाला. पण ज्याने कारखान्याच्या फाटकावर एकदा तरी पत्रके वाटली आहेत, त्याला हा विलंब पुरता ठाऊक आहे. कलम कागदावर असते तोवर ते कोणाचेच नसते. ते घरातल्या पोरीच्या तोंडाशी आले की मग माणूस उठून बोलतो. होमर बोलतो, अध्यक्ष होतो, हात वर होतात आणि संप सुरू होतो. इकडे सवलतीवाचून लिसाला जुनाट तारा बसवाव्या लागतात. स्टेनलेस स्टीलच्या आधीच्या काळातल्या असल्यामुळे त्या भिजू द्यावयाच्या नाहीत, अशी ताकीद दंतवैद्य देतो. दारिद्र्यावरचा इतका नेमका विनोद क्वचितच आढळतो.

पुढची कथा थोडक्यात अशी. बर्न्स म्हाताऱ्या संपफोड्यांना बोलावतो, यंत्रमानव कामाला लावतो आणि सरतेशेवटी साऱ्या गावाची वीज तोडतो. अंधारात लोक गाणे म्हणतात आणि तो नमतो. त्याची अट एकच, होमरने अध्यक्षपद सोडावे. होमर आनंदाने जमिनीवर लोळू लागतो, तेव्हा बर्न्सला उमगते की ज्याला आपण मोठा मुत्सद्दी समजत होतो तो तसा नव्हताच. म्हणजे विजय पुढाऱ्याच्या बुद्धिमत्तेने मिळालेला नाही. थोर पुढाऱ्याची वाट पाहत बसण्याची सवय आपल्या चळवळीलाही आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

या फजितीच्या संघटनेतसुद्धा करार आधी सभेत वाचून दाखवितात आणि मग त्यावर मत घेतात, ही गोष्ट सहज नजरेतून निसटते. मुंबईच्या गिरणी कामगाराला एवढेही लाभले नव्हते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकट्या प्रातिनिधिक संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिला होता. कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले तरी सही संघाचीच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा पगार व बोनस यांबरोबरच हा कायदा रद्द करण्याचीही त्यांची मागणी होती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आणि आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या हिशेबाने होमरचा तो संप बेकायदाच ठरेल, कारण चौदा दिवसांची पूर्वसूचना आता सर्वच उद्योगांत सक्तीची आहे.

ही मालिका मजुरांची कैवारी आहे, असे मात्र कोणी समजू नये. फॉक्स ही रूपर्ट मरडॉक यांची वाहिनी. मालिका बनविणारी चित्रसंस्था २०१९ साली डिस्नेने विकत घेतली. भांडवलदाराची टिंगलही भांडवलदार विकतो, आणि नफा होत असेल तर ती मनापासून विकतो. मौज अशी की, संघटनेवरचा हा भाग जेव्हा लिहिला गेला तेव्हा मालिकेच्या लेखकांना रायटर्स गिल्ड या लेखकसंघटनेचे संरक्षण नव्हते. ते १९९८ साली मिळाले. मुख्य आराखडा अमेरिकेत व्हावयाचा आणि हजारो चित्रे हाताने काढण्याचे कष्टाचे काम दक्षिण कोरियात, स्वस्त मजुरीवर, ही या धंद्याची रीत. ऑक्टोबर २०१० मध्ये बँक्सी या चित्रकाराने मालिकेच्या एका आरंभदृश्यात आशियातील अशाच अंधाऱ्या कारखान्याचे भेसूर चित्र रंगविले आणि वाहिनीने तेही दाखविले. स्प्रिंगफील्डचा संप दात वाचवतो. तो रेखाटणारे हात मात्र चौकटीबाहेर राहतात.

चौकटीबाहेरचे हात शोधावयाला सोलपर्यंत जाण्याचे कारण नाही. केळापूर तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बाया किलोच्या भावाने मजुरी घेतात. जिनिंगमधला हंगामी मजूर ठेकेदाराच्या शब्दावर येतो. गमावण्याजोगी सवलत त्याच्या करारात नाही, कारण बहुधा करारच नाही. येथे दातांच्या जागी फुप्फुसे आहेत. कापसाच्या धुळीने जडणारा बिसिनोसिस हा रोग १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून समाविष्ट झाला. परंतु भरपाई मागावयाची तर धाप या कामातून लागली हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी कामाची नोंद लागते. हजेरीपटावर नावच नसेल तर कायद्याच्या लेखी तो माणूस त्या धुळीत कधी उभाच नव्हता. सही नाही, सभा नाही, एवढेच काय, पिंपही नाही.

जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. हजेरीपट त्याआधी मागावयास हवा.