अँड्रॉइडचं मोकळेपण आणि अपडेटची जबाबदारी

अँड्रॉइडचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकायला मिळतं: ही प्रणाली मोकळी आहे, म्हणून स्वस्त आहे, आणि म्हणूनच असुरक्षित आहे. यातला शेवटचा ‘म्हणूनच’ मला मान्य नाही. अँड्रॉइडचे दोष खरे आहेत, आणि सर्वांत जास्त ते भोवतात कमी पैशांत फोन घेणाऱ्याला. पण हे मोकळेपण जिथे संपतं आणि फोनची जबाबदारी कुणाचीच उरत नाही, तिथे त्या दोषांचं मूळ आहे, असं मला आज मांडायचं आहे.

आधी जमेची बाजू पाहू. गूगलने 2005मध्ये अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली, 2007मध्ये फोन बनवणाऱ्या कंपन्यांची आघाडी उभी केली आणि 2008मध्ये पहिला फोन बाजारात आला. लिनक्सच्या गाभ्यावर उभी असलेली ही प्रणाली कुणीही घ्यावी आणि आपल्या सोयीने बदलावी, अशी मुभा होती. गूगलच्या स्वतःच्या ॲप्सना ती मुभा नाही, हे खरं. तरीही सामान्य माणसाच्या आवाक्यातला स्मार्टफोन शक्य झाला तो यामुळेच. मराठीपुरतं बोलायचं तर सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. पण लिहिण्यासाठी बाहेरच्यांनी बनवलेला कीबोर्ड बसवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये 2009पासून होती. आयफोनवर ती 2014मध्ये आली. या सोयीतूनच मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइनच्या अभ्यासकांचा ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड लोकांच्या फोनवर पोचला. त्यात ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चक्र उघडतं आणि त्यात का, कि, कु, के मांडलेले असतात, हव्या त्या बाजूला बोट सरकवून उचललं की अक्षर उमटतं. बाराखडी येणाऱ्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. बंदिस्त प्रणालीत अशा प्रयोगाला कंपनीच्या परवानगीची वाट पाहावी लागली असती.

आता उणी बाजू. 2015मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची त्रुटी उघड झाली. नुसत्या एका मल्टिमीडिया संदेशातून फोनचा ताबा जाऊ शकेल, इतकी ती गंभीर होती. गूगलने दुरुस्ती केली, त्याच ऑगस्टपासून दर महिन्याला सुरक्षा अपडेट द्यायलाही सुरुवात केली. तरी कितीतरी फोनांपर्यंत ती दुरुस्ती पोचलीच नाही. कारण गूगलने केलेला बदल फोनपर्यंत यायचा तर वाटेत चिप बनवणारी कंपनी आहे आणि फोन बनवणारी कंपनी आहे. चिप चालवणारे प्रोग्राम बरेचदा बंदिस्त असतात, बाहेरच्यांना ते बदलता येत नाहीत. चिपवाल्याने हात काढून घेतला की फोनवाल्याचं काम अडतं. आणि एकदा विकलेल्या फोनवर पुन्हा मेहनत घेऊन फोनवाल्याला मिळायचं काय? 2017मध्ये गूगलने चिपशी निगडित भाग बाकीच्या प्रणालीपासून वेगळा केला, 2019पासून काही दुरुस्त्या थेट पाठवायला सुरुवात केली. त्याचा फायदा झाला, पण साखळी तुटलेली नाही. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले जुने फोन ‘लीनिएजओएस’ या अँड्रॉइडवरच बेतलेल्या मोकळ्या प्रणालीचे स्वयंसेवक पदरमोड करून अद्ययावत ठेवतात. ते अडतात कुठे? जिथे दुसरी प्रणाली बसवता येऊ नये म्हणून फोनला कुलूप घातलेलं असतं आणि चिपचा प्रोग्राम बंदिस्त असतो तिथे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल येते, ती उघडली की ओटीपी चोरले जातात आणि खातं रिकामं होतं. बाहेरून ॲप टाकता येतं म्हणूनच हे घडतं ना? घडतं खरं, आणि फसलेल्या माणसाचं नुकसान मला किरकोळ वाटत नाही. पण अशा बाहेरच्या ॲपला फोनचा पडदा वाचण्याची परवानगी सहजासहजी मिळू नये, अशी आडकाठी 2022च्या अँड्रॉइड 13मध्ये घातली गेली. ती तोडण्याच्या युक्त्या आहेत. तरी चोराचं काम अवघड होतंच. ज्याच्या फोनला अपडेटच मिळालं नाही, त्याच्याकडे एवढंही संरक्षण नाही. म्हणजे पुन्हा आपण अपडेटपाशीच येऊन थांबतो.

मग सरळ बंदिस्त प्रणालीच का घेऊ नये? 2013मध्ये आलेल्या आयफोन 5एसला 2023च्या जानेवारीत सुरक्षेची दुरुस्ती मिळाली, हे ॲपलचं श्रेय आहे. पण तिथे फोन आणि प्रणाली एकाच कंपनीची असल्यामुळे जबाबदारी कुणाची हा प्रश्नच येत नाही. तीच जबाबदारी अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांवरही टाकता येते. गूगलने पिक्सेल 8ला आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस24ला सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं, तेव्हा प्रणाली मोकळीच होती. अडचण एवढीच, की हे महागडे फोन आहेत. स्वस्त फोनसाठी कायदाच लागतो, आणि युरोपीय संघाने तो केला आहे: 20 जून 2025पासून तिथे बाजारात येणाऱ्या फोनच्या मॉडेलला विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट द्यावी लागतात. यामुळे फोन महागतील, असं म्हटलं जाईल. थोडे महागतीलही. पण दोन वर्षांत धोकादायक होणारा फोन पुन्हा पुन्हा विकत घेण्याचा खर्च कोण मोजतो? शिवाय जी मॉडेलं युरोपातही विकली जातात, त्यांचं बरंचसं काम कंपन्यांना करावंच लागणार आहे.

ब्रिटनने 2024च्या एप्रिलपासून निदान सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील हे जाहीर करणं सक्तीचं केलं. आपल्याकडे सुरुवात तिथूनही करता येईल. फोनच्या खोक्यावर आज किंमत छापलेली असते, निर्मितीचा महिना छापलेला असतो. त्याच्या शेजारी सुरक्षा अपडेटची अखेरची तारीख छापायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतक्याच सहजपणे ही तारीख दोन फोनांमध्ये ताडून पाहता आली, तर कंपन्यांना त्या तारखेवरूनही स्पर्धा करावी लागेल.