विजेचा हिशेब कामगाराच्या हाती



आम्ही युनियनची माणसे. पगाराचा हिशेब मांडता मांडता विजेच्या हिशेबाकडे वळलो. हा हिशेब काही पंडितांची मिरास नव्हे. जर्मनीतील जॉर्ज ओहम याने १८२७ साली तो ग्रंथरूपाने मांडला. त्याचा बाप कुलुपे बनविणारा कारागीर. स्वतःच शिकला आणि मुलालाही त्याने गणित शिकविले.

नियम सोपा आहे. दाबाला प्रवाहाने भागा, रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणा, शक्ती मिळते. कारखान्यातील शेगडी २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेत असेल, तर रोध ४६ ओहम आणि शक्ती ११५० वॅट. तासाला १.१५ युनिट खर्च.

आता तिच्या वायरचा एक सांधा सैल होऊन तेथे १ ओहम रोध वाढला असे धरा. एकूण रोध ४७. प्रवाह घटून सुमारे ४.९ अँपिअर. प्रवाहाचा वर्ग गुणिले सांध्याचा रोध, म्हणजे नखाएवढ्या जागी २४ वॅट उष्णता! डाख वितळविणारे हत्यारही २५ वॅटचे असते. आणि फ्यूज? तो प्रवाह वाढला तरच वितळतो. येथे तर प्रवाह कमी झाला आहे.

म्हणून "फ्यूज शाबूत आहे, काम चालू द्या" असे मुकादम म्हणाला, की हा हिशेब त्याच्यापुढे मांडा. मेन स्विच बंद करवून वायरमनकडून सांधा दुरुस्त करून घ्या. जळालेल्या हाताची भरपाई आम्ही भांडून मिळवू. पण हात वाचविणारा हिशेब तुम्हालाच करावयाचा आहे.